न झालेला सेट

श्रावणात मी एका यंत्राला सांगितलं की आज मी चार अंडी खाल्ली. खाल्ली नव्हती. श्रावण लागला की आमच्या फ्रिजमधून अंड्यांचा ट्रे बाहेर जातो, तो गणपतीचं विसर्जन झाल्यावरच परत येतो. यंत्र म्हणजे माझ्या फोनमधला व्यायामाचा एआय कोच. प्रथिनं किती घेतली, असं तो रोज संध्याकाळी विचारायचा. आदल्या दिवशी मी खरं तेच लिहिलं होतं, मुगाची उसळ आणि ताक, तर त्याने 'लक्ष्यापेक्षा कमी' असा नारिंगी पट्टा दाखवला. त्या पट्ट्याने मला शाळेतल्यासारखं वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी अंडी लिहिली. पट्टा हिरवा झाला, आणि मला खरोखर बरं वाटलं.

पन्नाशी ओलांडलेला माणूस फोनला खूश करण्यासाठी थाप मारतो, हे ऐकून कुणीही हसेल. त्या वेळी मलाही थोडं हसू आलंच होतं. पण मी वजनं उचलायला का लागलो होतो हे सांगितल्यावर तितकं हसू येणार नाही.

माझ्या आईला गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, आणि तिचं बोलणं शाबूत राहिलं म्हणजे जवळपास सगळंच राहिलं, असं आम्ही म्हणत असू. पलंगावरून चाकांच्या खुर्चीत आणि खुर्चीतून संडास-बाथरूममध्ये तिला न्यायचं काम बायको आणि मी मिळून करायचो. बायको शाळेत शिकवते, ती सकाळी जाते. मी ऑफिसात सांगून आठवड्यातले बरेच दिवस घरून काम घेतलं होतं.

उन्हाळा सुरू होताना एका सकाळी आईला बाथरूमला जायचं होतं आणि मी एकटा होतो. मीटिंग चालू होती. कानात हेडफोन तसाच ठेवून मी तिला काखेत हात घालून वर ओढलं. अर्ध्यावर कळलं की आपल्याला हे जमत नाहीये. तेव्हाच तिला परत पलंगावर टेकवायला हवं होतं. मी तसं केलं नाही. जोर लावला. पाठीत काहीतरी चमकलं, आणि आम्ही दोघं पलंगाला घासत खाली बसलो. तिला मुका मार लागला, हाड मोडलं नाही. शेजारच्या बाई आल्या तेव्हा आई फरशीवर बसून म्हणाली, "काही नाही, आम्ही मायलेक जरा गप्पा मारायला खाली बसलोय."

पण त्यानंतर तिने मला हात लावू दिला नाही. चिडून नव्हे. नुसतं म्हणायची, "तू नको. ती येऊ दे." ती म्हणजे सून. बायको दुपारी यायची, तोवर आई थांबायची. डायपर तिला नको होता. एक दिवस तिच्या उशाशी ठेवलेला तांब्या मी भरायला घेतला तर तो भरलेलाच होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. मग लक्षात आलं. बाथरूमला जावं लागू नये म्हणून आईने पाणी पिणं सोडलं होतं. मे महिना, मीरा रोडची चिकचिकीत हवा, आणि माझ्या हातांची भीती वाटते म्हणून माझी आई तहानलेली पडून राहत होती.

मी डॉक्टरांकडे माझी पाठ दाखवली. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, पाठ बरी आहे, पण पायांत ताकद नाही. हळूहळू वजनं उचलायला शिका, बसून उठायला शिका, मग आईंना उचलायचं तंत्र मी दाखवते. अशा रीतीने मी पेणकरपाड्यातल्या एका जिममध्ये नाव घातलं. पूर्वी तिथे स्टीलची भांडी बनवायचा गाळा होता. पत्रा तसाच आहे, त्यामुळे दुपारी तिथे कोणी फिरकत नाही, आणि म्हणूनच मी दुपारी जायचो.

बाहेरगावी नोकरी करणारी मुलगी घरी आली होती, तिने कोचचं अॅप टाकून दिलं. ती स्वतः ते वापरते, तिची तब्येत त्यावर छान झाली आहे. "बाबा, तू फक्त खरं खरं भरत जा, बाकी सगळं ते बघतं," ती म्हणाली. सुरुवातीला अॅपने विचारलं, तुमचं ध्येय काय? खाली पर्याय होते: वजन कमी करणे, स्नायू वाढवणे, ताकद वाढवणे, आणि शेवटी 'तुमच्या शब्दांत लिहा'. मी त्या शेवटच्या चौकोनात 'आई' एवढंच लिहिलं आणि पुसलं. मला लाज वाटली. ध्येय म्हणून मी 'ताकद वाढवणे' दाबलं आणि पुढे गेलो.

पहिले काही आठवडे फार चांगले गेले, हे मान्य करायला हवं. कोच मराठीतून लिहायचा, बातम्या वाचल्यासारखा. 'आपण आज उत्कृष्ट कामगिरी केलीत.' ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण असं वाक्य मला कुणी म्हटलेलं आठवत नाही. तो सांगेल तितक्या प्लेटा रॉडला लावायच्या, तो सांगेल तितक्या वेळा उचललं की एक सेट, आणि प्रत्येक सेट झाला की टिक करायची. टिक केली की फोन हलकेच थरथरायचा. त्या थरथरीची मला सवय लागली.

मग अंडी. आणि अंड्यांनंतर सेट.

पहिल्यांदा काय झालं ते मला नीट आठवतं. डेडलिफ्टचा शेवटचा सेट बाकी होता. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा रॉड वाकून सरळ उभं राहीपर्यंत उचलायचा. पाय थरथरत होते. मी सेट केला नाही, बसलो, घाम पुसला आणि टिक केली. फोन थरथरला. पुढच्या वेळी कोचने वजन वाढवलं, कारण त्याच्या लेखी माझं सगळं नीट चाललं होतं. ते वजन मला आणखी जड गेलं, म्हणून मी आणखी सेट सोडले आणि त्यांच्यापुढेही टिक केली. तो पुन्हा वाढवायचा. तो बिचारा एका अशा माणसाला शिकवत होता जो अस्तित्वातच नव्हता. चार अंडी खाणारा, एकही सेट न सोडणारा, छान झोपणारा, आई नसलेला एक माणूस.

दुपारच्या त्या गाळ्यात आणखी एकजण यायचा, आमच्याच बिल्डिंगमधला एक गुजराती शेजारी. वय माझ्याएवढंच, भाईंदरला कापडाचं दुकान. दुपारी दुकान भावावर टाकून यायचा. त्याच्या फोनमध्ये साधं नोंदीचं अॅप होतं. व्यायाम, वजन, किती वेळा, आणि शेरा. आपणच लिहायचं, आपणच वाचायचं. एकदा मी डोकावलो. शेऱ्यात लिहिलं होतं, 'मूड नथी.'

"हे असं लिहितोस?" मी विचारलं.

"मग काय लिहू? नव्हता मूड."

"पण मग ते अॅप काय म्हणतं?"

"काय म्हणणार? कुछ नहीं बोलता. घरी बायको बोलते, दुकानात गिऱ्हाईक बोलतं. एक चीज तो चूप रहे ना भाई."

"पण मग पुढे किती वजन लावायचं ते कसं कळतं?"

तो रॉडकडे बघत म्हणाला, "गेल्या वेळेला जे जमलं ते बघायचं. जमलं असेल तर थोडं वाढवायचं. नसेल तर तेच. तुझा कोच काय वेगळं करतो?"

मी म्हटलं, माझा कोच शास्त्रीय पद्धतीने करतो. त्याने मान हलवली आणि माझ्या रॉडच्या प्लेटा मोजल्या.  नंतर कळलं की त्याला सगळं दिसत होतं. कोण किती सेट करतं हे गाळ्यात लपून राहत नाही.

गणपतीच्या आधी, वाढवत वाढवत कोचने जे वजन सांगितलं ते मी लावलं. रॉड जमिनीवरून जेमतेम सुटला आणि पाठीत तीच जुनी चमक आली. रॉड टाकला. आवाज पत्र्यावर आपटून परत आला. शेजारी धावत आला, मला बाकावर आडवं केलं. "सोड ना यार, छोड़ देने का," तो म्हणत राहिला. "कोण मेडल देणार आहे तुला?"

घरी मी भिंतीला धरून चालत आत गेलो. आई पलंगावरून बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. जरा जास्त झालं."

"कोणी सांगितलं होतं जास्त?"

 ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती, मग तिने तोंड खिडकीकडे केलं. मी जे करतोय ते तिच्यासाठी, हे तिला ठाऊक होतं. आणि जे केलं त्याने तिची भीती खरी ठरली, हेही.

बायको आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. अंडी, सेट, खोटी टिक, सगळं. ती शाळेतून आलेली, खांद्यावरची पर्स अजून उतरवली नव्हती.

"अहो, म्हणजे तुम्ही मशीनला फसवत होता?"

"हो."

"का पण?"

"त्याने चांगलं म्हणावं म्हणून."

ती हसेल असं वाटलं होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. "माझ्या वर्गात अशी दोन-चार मुलं असतात," ती म्हणाली. "गृहपाठ केला नसला तरी वही आणायला विसरलो म्हणतात. मी त्यांना रागावत नाही. त्यांना आधीच इतकी भीती असते." मग उठता उठता म्हणाली, "फक्त त्यांची पाठ दुखत नाही."

मुलीचं म्हणणं वेगळं होतं. "बाबा, यात अॅपचा काय दोष? त्याला खरं सांगून तर बघ." ती बरोबर बोलत होती. म्हणून पाठ बरी झाल्यावर एका दुपारी मी कोचला सगळं खरं लिहिलं. न केलेले सेट, न खाल्लेली अंडी, आई, ती सकाळ, तांब्या. लांबलचक लिहिलं. उत्तर लगेच आलं आणि उत्तर चांगलं होतं. वजन खूप खाली आणा, फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय डेडलिफ्ट नको, सुरुवात खुर्चीतून उठण्याच्या व्यायामाने करा. शेवटी लिहिलं होतं, 'आपला प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे.'

ते शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं. मग पुन्हा. आणि मला जाणवलं की मला तेच पुन्हा हवं आहे. उद्या कौतुक मिळालं नाही तर परवा ते मिळवण्यासाठी मी काहीतरी लिहीन. माझ्या मुलीला हा त्रास नाही. तिला शाबासकी मिळाली तर आवडते, नाही मिळाली तर ती चहा प्यायला जाते. मी तसा नाही. मी कुणाच्या तरी नजरेत चांगला राहण्यासाठी गोष्टी करतो, आणि न जमलेलं झाकतो. त्या सकाळीही कानात मीटिंग होती. थांबून 'मला दोन मिनिटं द्या' म्हणणं मला जमलं नव्हतं. चांगला गुरू मिळूनही वाया घालवणारे शिष्य असतात, त्यातला मी. मला गप्प राहणारं काहीतरी हवं होतं.

कोचने सांगितलेले व्यायाम कागदावर उतरवून घेतले, फिजिओथेरपिस्टना दाखवले, त्यांनी दोन बदल केले. कोचचं अॅप काढलं आणि शेजाऱ्याकडचं नोंदीचं अॅप टाकलं.

पहिल्या दिवशी नुसता रॉड, प्लेट एकही नाही. एक सेट जमला, दुसरा अर्ध्यावर सोडला. लिहायला बसलो आणि बोट थांबलं. तिथे हिरवं-नारिंगी काही नव्हतं, थरथर नव्हती, कुणी विचारणारं नव्हतं. अर्धवट सेटसमोर पूर्ण आकडा लिहिला असता तरी कुणाला कळलं नसतं. आणि तरी लिहिता येईना, कारण पुढच्या वेळी तो आकडा मलाच वाचायचा होता आणि मलाच उचलायचा होता. शेऱ्यात लिहिलं, 'मध्येच थांबलो.' शेजाऱ्याने वाकून वाचलं. "अरे वा, साहेब सच बोलने लगे."

सगळं त्यानंतर सुरळीत झालं असं नाही. मधले कितीतरी आठवडे मी एकाच वजनावर अडकलो होतो, आणि पुढे काय करावं हे सांगणारा कोच नसल्यामुळे मुकाट्याने तेच करत राहिलो. तो असता तर कदाचित महिनाभर वाचला असता. शेवटी फिजिओथेरपिस्टनीच पायांतलं अंतर बदलायला सांगितलं आणि रॉड वर येऊ लागला. पण माझ्या त्या नोंदींमध्ये 'थांबलो' हा शब्द सारखा सारखा येत गेला आणि हळूहळू त्याची लाज वाटेनाशी झाली. थांबलो, परत केलं. थांबलो, उद्या बघू.

आई मात्र 'तू नको'वरच होती. दुपारी बायको यायची तेव्हाच ती थोडं पाणी प्यायची. मी तिला विचारलं नाही. विचारून तिला नाही म्हणायला लावणं मला नको होतं.

दिवाळीनंतर फिजिओथेरपिस्ट घरी आल्या आणि उचलायचं तंत्र शिकवून गेल्या. खुर्ची आईच्या उजव्या, चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावायचा. तिच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि पट्ट्याला धरायचं, काखेत कधीच नाही. तिच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवून आधार द्यायचा. तिला पुढे झुकवायचं, पायांवर जोर देऊन उठायचं, वळायचं, बसवायचं. सराव कुणावर तरी करा, म्हणाल्या.

सराव बायकोवर ठरला. तोही आईच्या खोलीत, कारण खुर्ची तिथेच होती. एका रविवारी बायको आईच्या पलंगाच्या पायथ्याशी बसली, कमरेला पट्टा बांधला आणि अंग सैल सोडून दिलं.

"उचला," ती म्हणाली. "मी आता तुमची आई आहे. अरे, किती वेळ लावतोस रे!"

"मी असं बोलत नाही," पलंगावरून आई म्हणाली.

"आई, तुम्ही याहून वाईट बोलता."

मी तिला उठवलं, वळवलं, बसवलं. आईने नाक मुरडलं. "अगं, तू डावा पाय टेकवतेयस. माझा टेकतो का? तो लोंबतो. लोंबव."

बायकोने पाय लोंबवला. दुसऱ्या खेपेला माझा गुडघा चुकीच्या जागी लागला आणि बायको ओरडली. "हळू! मोडाल मला, मग दोघींना उचलावं लागेल."

"गुडघा आतून लाव," आई म्हणाली. "त्या बाईंनी काय सांगितलं? आतून. हां. आता बघ." तिसऱ्या, चौथ्या खेपेला ती उजव्या कोपरावर टेकून थोडी वर झाली होती. बायकोला चढवून-उतरवून मला घाम फुटला होता आणि दोघी मिळून माझी चेष्टा करत होत्या. मग आई एकदम म्हणाली, "बायकोला मिरवतोयस खोलीभर. मला काय काटे आहेत?"

 बायकोने कमरेचा पट्टा सोडला आणि आईला बांधला. बांधून झाल्यावर ती मुद्दाम दारापर्यंत मागे सरकली.

मी आईच्या समोर उभा राहिलो. हात ओले झाले होते, ते शर्टाला पुसले. "आई, मध्येच जमत नाही असं वाटलं तर मी परत बसवीन. ओढणार नाही."

"बरं."

गुडघा लावला, पट्टा धरला, तिला पुढे घेतलं. ती जरा उचलली गेली आणि मला कळलं की माझ्या डाव्या हाताची पकड निसटतीये. तिचं अंग ताठ झालं, श्वास अडकला, तो मला ऐकू आला. मी तिला सावकाश परत पलंगावर टेकवलं.

"काय झालं?"

"पकड नीट नव्हती. परत करू."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "त्या दिवशी असं का नाही केलंस?"

याचं उत्तर मी कितीतरी महिने मनात तयार करत होतो, मीटिंग, हेडफोन, घाई. त्यातलं काही बोललो नाही. म्हटलं, "तेव्हा मला थांबता येत नव्हतं."

तिने उजवा हात वर केला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. तो हात तिने आपणहून ठेवला होता. "आता धर नीट," ती म्हणाली.

धरलं. पायांवर जोर दिला आणि आई उठली. तिचं वजन माझ्या मांड्यांवर आलं, पाठीवर नाही. एक क्षण आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो. ती माझ्या खांद्याएवढी आहे हे मी विसरूनच गेलो होतो, कितीतरी महिन्यांत तिला उभं असं पाहिलंच नव्हतं. मग वळलो, ती खुर्चीत बसली. बायकोने दारात उभ्या उभ्या डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "माझ्यापेक्षा नीट उचललंत. लक्षात ठेवीन."

आता बायको शाळेत असताना आम्ही दोघंच हे करतो. मधूनमधून मी अजूनही थांबतो, तिला परत टेकवतो, आणि ती वाट बघते. कधी कधी तीच म्हणते, थांब, माझा पाय नीट नाही. तांब्या दुपारपर्यंत अर्धा झालेला असतो. सकाळी तिला गॅलरीत नेतो. खाली शाळेच्या बस लागलेल्या असतात, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर कावळे बसतात, आणि आई दोन्हीकडे सारख्याच लक्षाने बघते.

परवा ती तिथे बसून खालच्या बाकाकडे बोट दाखवत म्हणाली, "त्या सगळ्या म्हाताऱ्या रोज तिथे बसतात. मला खाली कधी नेशील?"

"लिफ्टच्या दारापाशी उंबरा आहे. त्यावरून खुर्ची चढवायचा अजून सराव नाही."

"मग कर सराव. सूनबाई आहेच की बसायला."

आतून बायकोचा आवाज आला, "मी ऐकलं हं, आई."

मी म्हटलं, या रविवारी बघू. आई म्हणाली, रविवारी म्हाताऱ्या लवकर येतात, त्यांच्यासमोर धडपडलास तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही, शनिवारीच बघ. तर शनिवारी बघणार आहे.